पूजेत निजलेला फोन

भाईंदरला नवघर रोडच्या कडेला ताडपत्रीवर झेंडूचे ढीग पडले, की लोकांचे चेहरे उजळतात. मी वाट बदलते. गेली तीन वर्षं हे असंच चाललंय. भाजी आणायला म्हणून निघते, तो कडवट हिरवा वास नाकात शिरतो आणि मी मागच्या गल्लीतून वळसा घालून रिकाम्या हाताने घरी येते. नवरा म्हणतो, "साप, पाल, झुरळ, सगळं समजू शकतो. फुलांना घाबरणारी बाई पहिल्यांदाच बघतोय." मी हसून वेळ मारून नेते. खरं कारण मी त्यालाही सांगितलेलं नव्हतं.

एरवी आश्विन हा माझा लाडका महिना. पाऊस गेलेला असतो, पण भिंतीतली ओल गेलेली नसते. ऊन असं पडतं की गॅलरीतला टॉवेल तासाभरात पापडासारखा कडक होतो. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला चिखलाचा वास असतो. खाली कंपाउंडमध्ये गरब्याचा स्पीकर दुपारपासूनच घसा साफ करायला लागतो, आणि शेजारच्या भावनाबेन दारात येऊन विचारतात, "आज तो आओगी ना?" तीन वर्षांत मी एकदाही गेलेले नाही.

लहानपणी खंडेनवमीला आमच्या दादरच्या खोलीत पाटावर हत्यारं मांडली जायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांची हत्यारं म्हणजे काडीएवढे स्क्रूड्रायव्हर, चिमटे आणि डोळ्याला लावायचं ते भिंग. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट. त्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी अण्णा हात लावायचे नाहीत. "आज ती झोपलीत. उद्या बघू," म्हणायचे. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की मगच भिंग डोळ्याला. हे मला माहीत होतं. पाठ होतं म्हणा ना. म्हणूनच मी केलं त्याला अजाणतेपणाची सवलतही मिळत नाही.

मी मीरा रोडच्या एका दहाबारा माणसांच्या कंपनीत प्रोग्रामर आहे. संस्था आणि कंपन्या आपल्या माणसांना कामासाठी जे फोन देतात, ते फोन दुरून सांभाळायची यंत्रणा आम्ही बनवतो. कुठलं ॲप चालेल, कुठलं नाही, फोन हरवला तर कुलूप कसं लावायचं, त्यातली माहिती कशी पुसायची, हे सगळं. ऐकायला रुक्ष आहे, पण मला ते आवडायचं. साठसत्तर फोनांची आई असल्यासारखं वाटायचं. कुठला उपाशी आहे, कुठला तापलाय, कुठल्याने सकाळपासून घरी कळवलंच नाही, सगळं समोर पडद्यावर दिसायचं.

या धंद्यात एक रीत आहे. दर दोनतीन वर्षांनी वरून फतवा निघतो, की तुम्ही वापरता ती साधनं आता बंद, अमुक तारखेच्या आत नव्यावर या. त्या वर्षीचा बदल मोठा होता. जुन्या पद्धतीत आम्ही फोनला हुकूम द्यायचो. 'पूस' असं बटण दाबायचं, मग यंत्र विचारायचं, नक्की ना? पुन्हा विचारायचं, अगदी नक्की? मधे एक माणूस असायचा आणि त्या माणसाला भीती वाटायची, हेच त्यातलं शहाणपण होतं. नव्या पद्धतीत हुकूम जवळजवळ गेला. आता नियम लिहून द्यायचा. फोन तो नियम पोटात घेऊन फिरतो आणि वेळ आली की आपला आपण अमलात आणतो. कुणाला विचारत नाही.

आमचे मिलिंद सर पितृपक्षात काहीही नवं सुरू करत नाहीत. स्टेपलरसुद्धा विकत घेत नाहीत. "सर, सर्व्हरला कुठला आलाय पितृपक्ष?" असं मी म्हणून बघितलं. ते म्हणाले, "सर्व्हरला नसेल, मला आहे." त्यामुळे महिनाभराचं काम पंधरा दिवस अडून राहिलं आणि घटस्थापनेला एकदम सोडायचं ठरलं. महिनाअखेरीला जुनं बंद होणार होतं. घाई होती. पण घाईवर सगळं ढकलायचं नाही असं मी आता ठरवलंय.

नियम साधा होता. फोनने इतके दिवस आपली खबर दिली नाही, तर तो हरवला असं धरायचं आणि पुसून टाकायचा. गिऱ्हाईक संस्थेने सात दिवस सांगितले होते. चाचणी घेताना सात दिवस कोण वाट बघत बसणार? म्हणून मी सातच्या जागी एक लिहिलं. एक दिवस. चाचणी झाली, टेबलावरचा फोन पुसला गेला, आम्ही चहा प्यायलो. तो एक परत सात करायचा राहून गेला. बस्स. एवढंच. हात मोडला, आग लागली असं काही घडलंच नाही. एक आकडा राहून गेला.

ती संस्था भाईंदरचीच, घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायकांची. सुवर्णाताई तिथे काम करायच्या. नवघर गावातल्या जुन्या आगरी घरातली सून. त्या घरची एके काळी मिठागरं होती, आता चाळीच्या चार खोल्या भाड्याने दिल्यात. सुवर्णाताईंची माझी ओळख फोनवरचीच. काही अडलं की त्या हेल्पलाइनला लावायच्या, आणि आमच्याकडे हेल्पलाइन म्हणजे मीच. "ताई, या फोनाचं डोकं फिरलं हाय, जरा बघा," अशी सुरुवात. आवाज खणखणीत. त्यांच्याशी बोललं की माझा दिवस बरा जायचा.

तेव्हा त्या नया नगरमधल्या एका चाचांकडे जात होत्या. चाचांना साखरेचा आजार आणि पायाच्या अंगठ्याला जखम. रोज पट्टी बदलायची आणि जखमेचा फोटो काढायचा. अठरा दिवसांचे फोटो होते. जखम भरतेय की पसरतेय, ते त्या फोटोंवरून बघून डॉक्टर अंगठ्याचं ठरवणार होते. चाचांची खोली तळमजल्यावर, चारी बाजूंनी इमारती, तिथे नेटवर्क नाही. घरी आल्यावर फोटो वर पाठवायचे, ते सुवर्णाताईंच्या ध्यानात राहायचं नाही. फोटो फोनमध्येच राहिले होते.

खंडेनवमीला त्यांनी सुट्टी घेतली आणि आदल्या संध्याकाळी मला हौसेने फोन केला. त्यांच्या घरी हत्यारांच्या पूजेत मिठागरावरचं लाकडी फावडं असतं, कोयते असतात, दिराचे गवंडीकामाचे थापी-ओळंबे असतात. बायकांचं काही नसतं. "औंदा मी माझा फोन ठेवनार हाय," त्या म्हणाल्या. "सासरे बोलले, बायकांचं कसलं आलं हत्यार? मी बोलले, महिन्याला घर चालतं ते कशाव? मग गप बसले. बोलले, ठेवायचा तं बंद करून ठेव. पूजेतलं हत्यार निजलं पायजे." आम्ही दोघी खूप हसलो. मला फार बरं वाटलं होतं त्यांच्यासाठी. तेव्हा तो एक मला आठवला नाही.

दसऱ्याच्या दुपारी मी चक्का फेटत होते. फोन वाजला. "ताई," दिराच्या फोनवरून बोलणाऱ्या सुवर्णाताईंचा आवाज बारीक झाला होता, "फोन मना वलखत न्हाय."

"म्हणजे?"

"आता उत्तरपूजा करून चालू केला. पांढरा झाला, मग नमस्कार दिसला. भाषा कुठली इचारतंय. नाव इचारतंय माझं."

मी चक्क्याच्या हातानेच लॅपटॉप उघडला. यादीत एक ओळ तांबडी होती. शेवटची खबर कालच्या सकाळची, कारण नियम, कृती पूर्ण. नियमावर गेले. तिथे एक होता. पलीकडून त्या विचारत होत्या, "फोटो हायत ना आत?" मी म्हटलं, "बघते." बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

मग मी जे केलं ते करायला चार सेकंद लागली असतील. एक खोडला, सात लिहिला, सेव्ह केलं. बाकीचे फोन रोज चालू असायचे, त्यांना काही झालं नव्हतं. एकच फोन गेला होता. सगळेच गेले असते तर मला लपायला जागाच राहिली नसती. एकच गेला म्हणून जागा मिळाली.

पुढचे दोन दिवस मी नीट जेवले नाही. नोकरी जाईल, घराचं कसं होईल, या वयात कोण घेईल, नवऱ्याला काय सांगू, याच चक्रात फिरत होते. आणि मिलिंद सरांनी आपणहून मला दार उघडून दिलं. "पूजेला ठेवला होता म्हणे फोन? मग गेलं असेल हळदीकुंकवाचं पाणी आत," ते म्हणाले. "संस्थेला दोन ओळींचा अहवाल हवाय. तू लिही." मी लिहिला. 'पूजेच्या वेळी ओलावा शिरल्यामुळे बिघाड झाल्याची शक्यता नाकारता येत नाही.' शक्यता नाकारता येत नाही. किती सभ्य वाक्य आहे बघा. खोटं म्हणायचीही सोय नाही.

संस्थेच्या मॅडमनी चाचांच्या मुलाला कॉलवर घेतलं, सुवर्णाताईंना घेतलं आणि तांत्रिक माहितीला मला घेतलं. मुलगा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "बहनजी, सच बताइए. फोटो कभी निकाले भी थे?" सुवर्णाताई म्हणाल्या, "अल्ला की कसम भाई, रोज निकाला." आगरी बाई, त्याला पटावं म्हणून त्याच्या देवाची शपथ घेत होती. मी माझा माइक बंद आहे ना ते पुन्हा पुन्हा तपासत होते.

अंगठा वाचला. डॉक्टरांनी आणखी दोन आठवडे बघितलं आणि जखम भरली. हे कळलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि वाटलं, झालं, सुटले. पण ते घर सुवर्णाताईंकडून गेलं, दुसरी बाई दिली. माझ्या अहवालावरून त्यांच्या फायलीत नोंद लागली: फोन निष्काळजीपणे हाताळला. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण शाळेत वाक्यात उपयोग करायला होती. मी तिचा असा उपयोग करीन असं बाईंना वाटलं नसेल.

भीतीचं एक बरं असतं, ती जुनी झाली की घरातली होऊन जाते. पहिल्या वर्षी फोन वाजला की मी दचकायचे. दुसऱ्या वर्षी फक्त सुवर्णाताईंचा नंबर दिसला की. तिसऱ्या वर्षी तेही कमी झालं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खवखवीचीही सवय होते. फक्त झेंडूचं काही करता आलं नाही. तो दरवर्षी ताजाच येतो.

आणि मग या वर्षी पुन्हा फतवा आला. नवं साधनही आता जुनं झालं, त्याहून नव्यावर या. या खेपेला पितृपक्ष धरून वेळापत्रक आखलं होतं, सरांनी स्वतः. मी याद्या करत बसले होते, काय न्यायचं, काय इथेच सोडायचं. नियम नेता येतात, फोनांची नावं नेता येतात. एक गोष्ट नेता येत नाही असं खाली बारीक अक्षरात होतं. कोणी, कधी, काय बदललं याची जुनी नोंद. महिनाअखेरीला जुनं बंद झालं की ती कायमची गेली.

मी ती नोंद तीन वर्षांत एकदाही उघडली नव्हती. उघडली. दसऱ्याची तारीख, दुपारी एक चाळीस, माझं नाव. आधी एक, नंतर सात. कुणी कधी शोधलीच नाही, नाहीतर एका मिनिटात सापडली असती. तीन वर्षं मला या ओळीची भीती वाटत होती. आता ती जाणार, हे वाचल्यावर आनंद व्हायला हवा होता. उलट तोंडचं पाणी पळालं. ही ओळ गेली की खरं काय ते फक्त मला माहीत असणार, आणि माझा मला भरवसा नाही. दहा वर्षांनी मीच म्हणेन, पाणीच गेलं असेल बहुतेक.

त्याच आठवड्यात सुवर्णाताईंचा फोन आला, वेगळ्याच कामासाठी. काम झाल्यावर मी सहज विचारावं तसं विचारलं, "यंदा पूजेत ठेवणार का फोन?"

"न्हाय ओ," त्या म्हणाल्या. "त्या वर्सापासून न्हाय ठेवत. आतल्या खोलीत ठेवते त्या दिवशी. सासरे बोलतात, पुरुषांच्या हत्यारांत बाईनं आपलं मधी घातलं म्हनून कोप झाला. दरसाली बोलतात. पावन्यांना पन सांगतात." आणि हसल्या. पूर्वीचं ते हसणं नव्हतं.

मी त्या ओळीचा कागद छापून काढला. चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. शेवटी खंडेनवमीच्या सकाळी रिक्षात बसले आणि नवघर गावात उतरले. घर शोधावं लागलं नाही. ओसरीवर पाट मांडला होता, त्यावर ते लाकडी फावडं, मिठाने पांढरं पडलेलं. सुवर्णाताईंचे सासरे कोयत्याला कुंकू लावत होते. सुवर्णाताई दारात आल्या. प्रत्यक्षात पहिल्यांदाच बघत होते मी त्यांना. आवाजावरून उंच वाटायच्या, तशा नव्हत्या.

"या ना ताई. आज कशा काय?"

मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता, आणि चहा प्यायल्यावर मी बोलले नसते. उभ्यानेच सांगितलं, सासऱ्यांच्या देखत. एक, सात, नियम, दसऱ्याची दुपार, अहवाल. कागद पुढे केला. सासऱ्यांनी तो उलटसुलट केला आणि सुनेकडे दिला. "काय हाय ते वाच." त्यांनी वाचला, बोट ठेवून, एकदा आणि पुन्हा एकदा.

"म्हंजे पानी न्हवतं."

"नव्हतं."

"तीन वर्सं तुमाला ठाव व्हतं."

"हो."

पाटावरून उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. सासरे कोयता हातात धरूनच बसले होते. खाली बघतच म्हणाले, "सुवर्णा, जा, फोन आन. ठेव पूजेत."

"न्हाय," त्या म्हणाल्या. "आज न्हाय ठेवायची मी."

मग माझ्याकडे वळल्या. मला वाटत होतं, आता शिव्या देतील. त्यांनी कागदाची व्यवस्थित घडी केली आणि माझ्या हातात परत दिली.

"या कागदाव तुमचं नाव हाय. ज्या कागदाव माझं नाव हाय, तो कुनी लिवला?"

"मीच."

"मग तो बदला. मना सांगून काय व्हनार? मना ठावच हाय मी फोटो काढले ते."

काल दसरा झाला. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी येऊ का बरोबर?" मी नको म्हटलं. संस्थेचं ऑफिस साडेनऊला उघडतं. मी नऊ वाजल्यापासून जिन्याच्या पायरीवर बसलेय, मांडीवर दोन कागद घेऊन. एक त्या नोंदीचा, एक आज पहाटे लिहिलेला, त्यात 'शक्यता' हा शब्द कुठेच नाही. मिलिंद सरांना मेसेज करून ठेवलाय, त्यांनी वाचलाय, उत्तर आलेलं नाही. वरच्या मजल्यावर शटर सरकल्याचा आवाज आला. मॅडम आल्या वाटतं. उठते.